डग्ग्यासाठी आणलेली मोटारीची केबल

मी नोकरीची सगळी वर्षं जमिनी मोजल्या. सरकारी मोजणीदार होतो. लांबी हा माझा पोटापाण्याचा विषय. दोन भावांच्या बांधात वीतभर फरक निघाला तर काय रामायण होतं ते मी उन्हात उभं राहून पाहिलेलं आहे. त्यामुळं आमच्या घरात दोन वायरींच्या लांबीवरून जे घडलं, त्याचा दोष मी पूर्णपणे वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापकांवर टाकत नाही. निम्मा टाकतो.

तेव्हा आम्ही नवराबायको औरंगाबादला औरंगपुऱ्यात दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. घरोघरी कॅसेटी वाजायचे दिवस होते. शहागंजात एका अरुंद दुकानात एक चाचा बसायचे. त्यांचे वडील निजामाच्या काळात मोठाले व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करायचे. पोलीस ॲक्शननंतर तेच दुकान चाचांकडं आलं, आणि रेडिओ गेले तसे चाचा अ‍ॅम्प्लिफायर बनवायला लागले. सगळं स्वतःच्या हातानं. लाकडी खोकी, त्यातले स्पीकर, वर चकचकीत सनमायका. मी दुकानात जाऊन ऐकलं तर तबल्याच्या कॅसेटीतला डग्गा असा घुमला की समोरच्या चहाच्या पेल्यावरची साय हलली. मी तिथल्या तिथं ठरवलं की हेच घ्यायचं.

संच रिक्षानं घरी आला. चाचांनी वायरीचं एक भेंडोळं दिलं होतं, बारीक, दोन तारा शेजारी शेजारी चिकटलेल्या. डावं खोकं कपाटाशेजारी बसलं, त्याला दीड मीटर वायर पुरली. उजवं खोकं दाराच्या पलीकडं होतं. त्याची वायर चौकटीवर चढून, खिळ्यांना लोंबकळत, पलीकडं उतरायची. तिला सहा मीटर लागली. सगळं मी स्वतः जोडलं. कॅसेट लावली आणि बसलो.

तबला आला. डग्गा आला नाही.

म्हणजे अगदीच नाही असं नाही. कुणीतरी पलीकडच्या गल्लीत गादीवर बुक्की मारावी तसा यायचा. मी आवाज वाढवला तर तबला कानात टोचायला लागला. डग्गा गल्लीतच राहिला.

"वाजवणाऱ्याचा डावा हात दुखत असेल," बायको म्हणाली. ती घरी ब्लाऊज शिवायची. मशीनवरून मान वर न करता ती असं काहीतरी बोलून जायची, आणि मला त्यावर उत्तर सुचेपर्यंत तिची एक बाही शिवून व्हायची.

वरच्या मजल्यावर मराठीचे प्राध्यापक राहायचे. कॉलेजात ते काव्य शिकवायचे. माझा संच आल्यापासून ते रोज संध्याकाळी खाली येऊन आमच्या एकुलत्या एक खुर्चीत बसायचे आणि डोळे मिटायचे. त्यांच्या एका विद्यार्थ्याचा भाऊ आखातात नोकरीला होता. त्यानं आणलेलं आवाजाच्या यंत्रांचं एक इंग्रजी मासिक प्राध्यापकांकडं आलं होतं. ते मासिक त्यांनी इतक्या वेळा वाचलं होतं की त्याची पानं पापडासारखी झाली होती.

तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले आणि बोट दाराच्या चौकटीकडं केलं.

"तुमची डावी वायर आटोपशीर आहे. उजवी पाल्हाळिक आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे डाव्या कानाला गाणं आधी पोचतं, उजव्याला मागाहून. दोन्हींचा मेळ बसत नाही. मग डग्गा कुठून येणार? मासिकात स्पष्ट लिहिलंय, दोन्ही वायरी सारख्या लांबीच्या हव्यात."

त्या क्षणापासून मला खरोखरच उजवं गाणं उशिरा ऐकू यायला लागलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात नकाशावर रेघा मारतानासुद्धा मला वाटायचं की माझा उजवा कान मागं राहिलाय. शेवटी मी शहागंजात चाचांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. चाचा इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

"मियाँ, करंट है, तांगा नै है," ते म्हणाले. "तुम्हारी पलक झपकने तक दौलताबाद जाके वापस आता. चार-साडेचार मीटर का क्या फरक पडता?"

"पण डग्गा नाही येत, चाचा."

चाचा एकदम गंभीर झाले. "एक बाजू उलटी तो नै जोड दी?"

मला हे लागलं. मी ताठ होऊन म्हणालो, "चाचा, मैं सरकारी मोजणीदार हूँ."

चाचांनी माझ्याकडं बघितलं, मोजणीदार असण्याचा आणि वायर उलटी न जोडण्याचा काय संबंध असावा याचा विचार केला, आणि बहुधा सभ्यपणामुळं तो विषय सोडून दिला. "फिर वायर पतला पडता होएंगा. पतला और लंबा वायर ताकद खाता. थोडा जाडा लगाके देखो."

त्यांचं 'थोडा जाडा' हे म्हणणं मी लक्षात ठेवायला हवं होतं. पण आधी मी घरी येऊन प्राध्यापकांचं ऐकलं. जुन्या भेंडोळ्यातून दोन्ही वायरी सहा-सहा मीटरच्या कापल्या. टेपनं मोजून, दोनदा, खुणा करून. जमिनीची मोजणी मी एवढ्या काळजीनं केली असती तर माझी बढती लवकर झाली असती. आता डाव्या वायरीचे साडेचार मीटर उरले. ते मी गुंडाळून कपाटाखाली सरकवले.

बायकोनं खाली वाकून बघितलं. "एवढे वेढे? गोल गोल फिरून गाण्याला चक्कर नाही यायची?"

ती चेष्टा करत होती. पण खुर्चीतले प्राध्यापक उठून बसले. "वहिनी, काय बोललात!" असं म्हणत ते धावत वर गेले आणि मासिक घेऊन आले. खरंच, त्यात लिहिलं होतं की उरलेल्या वायरीची गुंडाळी करू नये. मग आम्ही दोघांनी सतरंजी उचलून तिच्याखाली ती वायर नागमोडी अंथरली. त्या दिवशी बायको दोनदा अडखळली. दुसऱ्यांदा तिच्या हातात पोह्यांची ताटली होती. सतरंजीवरचे पोहे तिनं वेचून ताटलीत भरले आणि ती ताटली माझ्यापुढं ठेवली.

डग्गा तरीही गल्लीतच होता.

आता प्राध्यापकांनी मासिकातलं मधलं पान उघडलं. त्यावर एका वायरीचा रंगीत फोटो होता. वायर कसली, मुसळच. आत तांब्याचे शेकडो धागे, वर तीन आवरणं. "ही बघा," ते म्हणाले, "हिच्यात आशय आहे. आपल्या वायरीत नुसती शैली आहे." मी फोटो घेऊन औरंगपुरा आणि शहागंजातली विजेच्या सामानाची सगळी दुकानं फिरलो. एका दुकानदारानं विचारलं, "पिठाची गिरणी टाकताय का?"

गिरणीवरून मला सासऱ्यांची आठवण झाली. करमाडला त्यांची शेती होती, विहिरीवर मोटार होती, आणि मागच्या उन्हाळ्यात त्यांनी मोटारीची केबल बदलली होती. जुन्याचा एक चांगला तुकडा गोठ्यात खुंटीला टांगलेला मी पाहिला होता.

रविवारी सकाळच्या एसटीनं करमाडला गेलो. सासरे गोठ्यासमोर बसून दोर वळत होते. माणूस कमी बोलणारा. मी केबल मागितली तेव्हा त्यांनी मान हलवली, खुंटीवरून वेटोळं काढून माझ्यापुढं टाकलं, आणि मग विचारलं, "बोअर पाडली का काय औरंगाबादला?"

"नाही. गाणं ऐकायला पाहिजे."

सासऱ्यांनी दोर परत हातात घेतला. मग म्हणाले, "किती एचपीचं गाणं हाय?"

मी खाली वाकलो. वेटोळं खांद्यावर घेतलं. काळी केबल, अंगठ्याएवढी जाड, आत तांब्याच्या तीन तारा. खांदा एका बाजूला कलला आणि मी त्याच कोनात स्टँडवर पोचलो.

आता त्या दिवसांत त्या भागात मोटारींच्या केबली चोरीला जात होत्या, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. स्टँडवरच्या हॉटेलाच्या बाकड्यावर चार माणसं बसली होती. त्यातले एक फेटेवाले आजोबा उठून माझ्यापुढं आले.

"काय पावणं, कुठं निघालं?"

"औरंगाबादला."

"केबल कुणाची ही?"

"सासऱ्यांची."

"व्हय का? अन् शहरात हिचं काय करता?"

खोटं बोलायची मला सवय नव्हती. "गाणं ऐकतो," मी म्हणालो.

चौघांनी एकमेकांकडं बघितलं. आजोबांनी माझ्या खांद्यावरचं वेटोळं हळूच उतरवून घेतलं आणि मला बाकड्यावर बसवलं. "बसा हितं. गाडीला लई टाईम हाय." गाडी समोर उभी होती. ती माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली.

मी म्हणालो, "अहो, मी चोर नाही. सरकारी माणूस आहे. मोजणीदार आहे."

ही दुसरी चूक. बाकड्याच्या टोकावर बसलेला एक धिप्पाड गडी उठला आणि माझ्या तोंडाजवळ तोंड आणून बघायला लागला. "तरीच म्हटलं चेहरा वळखीचा हाय! माझा बांध ह्यानंच मोजला. दोन हात गेलं माझं. ह्याला सोडू नका."

मग एकजण मोटारसायकलवर सासऱ्यांना आणायला गेला. तोवर हॉटेलात गर्दी झाली. केबलनं गाणं कसं ऐकतात, हे मला पाच-सहा वेळा सांगावं लागलं. दर वेळी मागून आलेल्या माणसाला आधीचे लोक समजावून सांगायचे, आणि त्यांचं ऐकताना मलाही ते पटेनासं झालं. एका बाईनं विचारलं, "म्हंजी ही कानात घालायची?"

सासरे आले. मोटारसायकलवरून उतरून त्यांनी गर्दीकडं, केबलकडं आणि माझ्याकडं शांतपणे बघितलं.

"जावई हाय माझा," ते म्हणाले. "चोरी नाय करायचा. तेवढी हुशारी असती तर मला काळजी नव्हती."

सगळे हसले, आणि माझी सुटका झाली. आजोबांनी चहा सांगितला. पण धिप्पाड गडी हटेना. "टेप हाय का पिशवीत?" टेप होती, केबल मोजायला आणलेली. मग सासरे, आजोबा आणि निम्मं हॉटेल अशी आमची वरात त्याच्या शेतात गेली आणि भर दुपारी मी तो बांध पुन्हा मोजला. माप तेवढंच भरलं. गड्यानं डोकं खाजवलं, "मागल्या बारीलाबी एवढंच निघालं हुतं," असं म्हणाला, आणि मला वांग्यांची पिशवी भरून दिली. संध्याकाळच्या गाडीत मी, वांगी आणि केबल असे तिघं परतलो. कंडक्टरनं केबलीकडं बघून काही विचारू नये म्हणून मी सारा प्रवास खिडकीबाहेर बघत केला.

बायकोनं दार उघडलं. "बाबांनी वांगी पाठवली?" असं विचारता विचारता तिची नजर खांद्यावर गेली. "अगं बाई. विहीर कुठाय?"

केबल जोडणं हा वेगळाच प्रकार निघाला. ती वळायलाच तयार नव्हती. विहिरीच्या कठड्यावरून ती वर्षानुवर्षं जशी उतरली होती तशीच तिला राहायचं होतं. मी तिचं टोक खोक्याच्या मागं लावलं की ती खोक्याला ढकलायची. डावं खोकं हळूहळू सरकत स्टुलाच्या कडेला गेलं. उजवं फिरलं आणि भिंतीकडं तोंड करून उभं राहिलं. प्राध्यापक एक खोकं पोटाशी धरून बसले आणि मी दुसरं, आणि तशा अवस्थेत आम्ही एक अख्खी कॅसेट ऐकायचा विचारसुद्धा केला. शेवटी मी चाचांना बोलावून आणलं.

चाचांनी दारातूनच केबल पाहिली. "या अल्ला. मियाँ, मैं थोडा जाडा बोला था. ये वायर नै, अजगर है."

पण त्यांनी पिशवीतून सोल्डर काढलं, केबलीच्या टोकांना वीतभर मऊ वायर जोडली, रंग बघून लाल तार लाल खुंटीला आणि पिवळी काळ्या खुंटीला असं दोन्हीकडं लावलं. जुनी वायर मी आधीच काढून ठेवली होती, त्यामुळं माझी जोडणी त्यांनी पाहिलीच नाही. ते निघाले तेव्हा मी कॅसेट लावली.

डग्गा आला! पोटात आला. मांडणीवरची पातेली थरथरली. प्राध्यापकांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "आशय," एवढंच ते म्हणाले. चाचाही दारात थांबून मान डोलवायला लागले आणि चप्पल काढून परत आत आले. बायकोनं मशीन थांबवलं, पूर्ण एक मिनिट ऐकलं, आणि म्हणाली, "छान आहे. पण आता दार कसं लावायचं?"

खरंच, दार लागत नव्हतं. केबल चौकटीच्या वरून येताना फळीत आणि चौकटीत अडकायची. शिवाय ती दिसायला भयंकर होती. म्हणून बायकोनं पडद्याच्या उरलेल्या कापडाची झालर शिवली आणि चौकटीवरून खाली दोन्ही खोक्यांपर्यंत केबल झाकून टाकली. दार अर्धवट लोटून मागं वीट लावायची, असा तोडगा निघाला. पुढचे पंधरा दिवस आम्ही ऐटीत होतो. जो येईल त्याला प्राध्यापक तांब्याबद्दल सांगायचे. दूधवाल्याला सांगितलं. एलआयसीचा एजंट आला होता, त्यालाच इतकं सांगितलं की तो पॉलिसीचा विषय न काढता गेला.

मग मी पैठणकडं चार दिवसांच्या मोजणीला गेलो. परत आलो त्या संध्याकाळी आमचे साहेब चहाला यायचे होते. केबलीची कीर्ती ऑफिसात मीच पसरवली होती. साहेब आले, खुर्चीत बसले. प्राध्यापक झालरीशेजारी वर्गात उभं राहावं तसे उभे राहिले. मी कॅसेट लावली. डग्गा घुमला.

"ऐकलंत?" प्राध्यापक म्हणाले. "ही जाडीची किमया. साध्या वायरीत हा खर्ज दम तोडतो. इथं तो पायापासून वर चढतो. हा तांब्याचा स्वभाव आहे, साहेब. साध्या वायरीवर हेच ऐकलं तर तुम्हाला वाटेल वाजवणाऱ्याचा हात लुळा आहे."

"कमाल आहे," साहेब म्हणाले. "बघू तरी केबल."

स्वयंपाकघरातून बायको चहा घेऊन आली. कप साहेबांच्या हातात देत शांतपणे म्हणाली, "केबल गच्चीवर आहे."

"गच्चीवर?" मी विचारलं.

"परवापासून. मी एकटी घरात, दार लागत नाही, कोण झोपणार तसं? काढली आणि जुनी वायर लावली. केबलवर चादरी छान वाळतात, वाकत नाही मुळी."

प्राध्यापकांनी झालर उचलली. आत ती बारीक, शैलीवाली वायर होती. त्यांनी झालर खाली सोडली. परत उचलली. साहेबांनी चहा पिण्याचा प्रयत्न केला, पण त्यांना हसू आवरेना आणि चहा नाकात गेला. मी गच्चीवर धावलो. दोन खांबांमध्ये सासऱ्यांची केबल ताठ बांधलेली होती आणि तिच्यावर आमच्या दोन चादरी आणि प्राध्यापकांचं धोतर होतं.

"पण मग डग्गा?" मी खाली येऊन विचारलं. "जुन्या वायरीवर डग्गा येत नव्हता!"

"ते मला काय माहीत. मी फक्त सुलट लावली." तिनं वायर हातात घेऊन दाखवली. दोन चिकटलेल्या तारांपैकी एकीच्या अंगावर बारीक उठलेली रेघ होती, नखाला लागायची. "कापडाला सुलट-उलट असतं तसं हिलाही असणार म्हटलं. रेघवाली लाल खुंटीला, दोन्हीकडं. लाल खुंटीच्या टोकांना तुम्ही बांधलेला लाल दोरा तसाच होता. डाव्या वायरीचे दोन्ही दोरे रेघवालीवरच होते. उजवीचा एका टोकाला रेघवालीवर, दुसऱ्या टोकाला साध्या तारेवर. एक बाही उलटी जोडल्यासारखं."

दुसऱ्या दिवशी चाचांकडं गेलो. मी तोंड उघडायच्या आत त्यांना कळलं असावं. "हौ," ते म्हणाले, "एक डब्बा हवा को आगे ढकेलता, दूसरा उसी वखत पीछे खींचता. बारीक आवाज बच जाता, डग्गा आपस में कट जाता. मैं पयलेच पूछा था." मग त्यांनी मला सायकलीच्या दिव्याच्या वायरीपेक्षा जरा जाड, मऊ वायर दिली आणि म्हणाले की सहा मीटरला एवढी पुष्कळ झाली, आणि हो, डावी बाजू दीड मीटर ठेवली तरी कुणाच्या कानाचं काही जात नाही. मी घरी येऊन दोन्ही सहा-सहा मीटरच कापल्या. बायकोनं बघितलं आणि सोडून दिलं.

प्राध्यापक आठवडाभर खाली आले नाहीत. बायकोलाच वाईट वाटलं आणि तिनं वर भरल्या वांग्याची भाजी पाठवली. त्याच संध्याकाळी ते हजर झाले, काखेत मासिक. खुर्चीत बसले, डोळे मिटले, पूर्ण कॅसेट ऐकली. वायरीबद्दल एक शब्द नाही. मग शेवटचं पान उघडून माझ्यापुढं धरलं. त्यात लिहिलं होतं की खोक्यांखाली जड दगडी लादी ठेवली की आवाज स्थिरावतो. दोघांचीही नजर एकदम स्वयंपाकघराकडं गेली.

"माझ्या पाट्याला हात लावायचा नाही," आतून आवाज आला.

मग आम्ही त्यांच्या घरचा पाटा आणायला वर गेलो. त्यांची बायको माहेरी गेली होती. पाटा उतरवताना मधल्या पायरीवर तो प्राध्यापकांच्या अंगठ्यावर पडला. तरी आम्ही तो खाली आणला आणि डाव्या खोक्याखाली ठेवला. आवाजात फरक पडला की नाही, हे कळायला वेळच मिळाला नाही, कारण कॅसेट सुरू होते न होते तोच जिन्यात पावलं वाजली. त्यांची बायको ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच परतली होती, आणि वरून हाक आली, "अहो, पाटा कुठाय?" प्राध्यापक सुजलेला अंगठा धरून उभे राहिले, माझ्याकडं बघितलं, आणि हळूच म्हणाले, "आवाज जरा मोठा करा."